निव्वळ वेळ

"वीस मिनिटं लिहिलंय आई, वीस! बोर्ड काय खोटं बोलतोय? तुला तास कसा लागतो?"

बागेच्या फाटकात उभा राहून तो त्या आकड्यावर बोटाने टकटक करत होता. पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. त्याची आई ऐंशीच्या घरातली. काठीवर दोन्ही हात ठेवून ती बोर्डाकडे अशी पाहत होती, की जणू तिथं तिचंच काहीतरी उघडं पडलंय. 'पूर्ण फेरी : १४०० मीटर. वेळ : २० मिनिटे.' हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. "अरे, मी मध्ये मध्ये बसते ना," ती म्हणाली. "तेच तर म्हणतोय. वीस मिनिटांच्या फेरीत बसायचं कशाला? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बसायला नाही. उद्यापासून बाकावर टेकायचं नाही. सरळ फेरी मारायची आणि बाहेर यायचं. मला काय तेवढीच कामं आहेत?" म्हातारी "बरं" म्हणाली. इतकं लगेच म्हणाली की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होते, रोजच्यासारखी संध्याकाळच्या फेरीला आलेले. वाटलं, पुढं व्हावं, त्याच्या हातातली किल्ली हिसकावून घ्यावी आणि म्हणावं, बाबा रे, तू कधी ऐंशीच्या गुडघ्यांनी वीस मिनिटं चालून पाहिलीस का? पण मी पुढं झाले नाही. कारण तो आकडा माझा होता.

माझा म्हणजे अगदी माझा. माझ्या पायांनी काढलेला. वनविहार विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली अकरा निव्वळ चालण्यात गेली. या अख्ख्या प्रदेशातल्या बागा, राखीव जंगलं, तळ्याकाठच्या वाटा, दलदलीवर पक्षी पाहायला टाकलेले लाकडी पूल, वाळूच्या टेकड्या, नदीतली बेटं, सगळ्या मिळून एकशे त्रेचाळीस वाटा मी मोजल्या. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच, काखेत नोंदवही. ऑफिसात मला एक्सप्रेस म्हणायचे आणि मला ते आवडायचं, हे आता सांगायला लाज वाटते. लोकांना वाटतं, बोर्डावरचे आकडे कुठून तरी येतात, म्हणजे पावसापाण्यासारखे आपोआप. ते येत नाहीत. कोणीतरी एकतीस वर्षांची ठणठणीत बाई, घरी भांडून आलेली किंवा पाच वाजताची बस चुकेल म्हणून घाईत असलेली, एक दिवस तिथून जाते आणि पुढची तेहतीस वर्षं सगळ्यांनी तिच्या मागे धावायचं असतं.

त्या संध्याकाळी मी फेरी मारलीच नाही. परत फिरले. रस्ताभर मी त्या मुलाला शिव्या घालत होते. मनातल्या मनात, पण चांगल्या ठेवणीतल्या. घरी आल्यावर चपला काढायच्या आत नवऱ्याने पेपरातून मान वर न करता विचारलं, "आज कोणावर?" त्याला माझ्या रागाची चांगली ओळख आहे, बँकेतल्या रांगेवर, दूधवाल्यावर, रेडिओवरच्या बाईच्या उच्चारांवर, माझा राग कुठंही राहायला जातो. मी म्हटलं, "माझ्यावर." तेव्हा मात्र त्याने पेपर खाली ठेवला.

त्याला सांगता सांगता मला मोजणीसाहेब आठवले. आमचे वरिष्ठ. टक्कल, नेटके, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. ते स्वतः कुठल्याही वाटेवर कधी चालले नाहीत, कारण त्यांच्या पायांना घाम यायचा. पण नियम सगळे त्यांचे. प्रत्येक वाट दोघांनी चालायची: आधी मोजणारा एकटा, आणि मग त्याच्याबरोबर एक साठीच्या पुढचा सोबती, ज्याला फॉर्मवर 'दुसरा चालक' म्हणत. दोघांच्या वेळेची सरासरी काढायची आणि ती बोर्डावर लिहायची. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! म्हाताऱ्याकोताऱ्यांचा किती विचार! फक्त रकान्याचं नाव होतं 'निव्वळ वेळ'. म्हणजे चालणारा थांबला, बसला, पाणी प्यायला, की स्टॉपवॉच बंद. उठला की चालू. मी नवीन असताना विचारलं होतं, "पण साहेब, लोक बसणारच ना?" साहेब हसले. म्हणाले, "बसणं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, बाई. एक जण दोन मिनिटं बसेल, एक जण डबा उघडून बसेल. ते आपण कसं मोजणार? आपण चालणं मोजतो. बसलेला वेळ चालण्यात धरायचा नाही." मला हे इतकं पटलं होतं, इतकं स्वच्छ आणि हुशार वाटलं होतं, की मी ते नंतर आलेल्या तीन मुलींना अगदी साहेबांच्याच आवाजात शिकवलं.

या शहरातल्या बागेत माझी दुसरी चालक होती माळ्याची सासू. माझी सोळा मिनिटं, तिची चोवीस, सरासरी वीस. तिची चोवीस! ती बाई तीनदा बसली होती. एकदा तर चांगली ऐसपैस, पाय लांब करून, आणि मला म्हणाली होती की या बाकावरून तिच्या जावयाने लावलेली सगळी झाडं एका नजरेत दिसतात, एकेक दाखवते. तिने दाखवलीही असतील. मी घड्याळ बंद करून उभी होते, कधी उठते याची वाट पाहत. नदीतल्या बेटावर नावाड्याची आई अर्धा तास बसून मला तिच्या वारलेल्या बहिणीबद्दल सांगत होती. त्या बहिणीचं नाव मला आठवत नाही. त्या वाटेचा निव्वळ वेळ आठवतो, एकतीस मिनिटं. वाळूच्या टेकड्यांवर एक निवृत्त पोस्टमन दर शंभर पावलांवर बसायचा, बूट काढायचा, वाळू झाडायचा आणि मिस्कीलपणे माझ्याकडे पाहून म्हणायचा, "थांबवा बाई तुमचं यंत्र, माझी खासगी बाब सुरू झाली." मी त्याला नियम सांगितला होता ना, म्हणून. आम्ही दोघंही हसलो होतो. या प्रदेशभर, अकरा वर्षं, दीडशेच्या आसपास म्हातारी माणसं माझ्यासमोर बसली, धापा टाकत, गप्पा मारत, गुडघे चोळत, आणि त्यातल्या एकाही बसण्याचा कुठं मागमूस नाही. बोर्ड वाचणाऱ्याला वाटावं, की साठीच्या पुढची माणसं इथं उडतच असावीत.

आणि मग बाबा. नवऱ्याला सांगताना मी इथं येऊन थांबले. तो म्हणाला, "राहू दे." पण राहू देऊन तीस वर्षं झाली होती.

डोंगरावरच्या जंगलातली वाट होती ती, वर एक बुरुजासारखा कडा, तिथून खालचं खोरं दिसायचं. ठरलेला दुसरा चालक, गावातले एक मास्तर, त्या सकाळी तापाने आडवे झाले. बाबा आमच्याकडे राहायला आलेले. मी म्हटलं, बाबा, चला, सरकारी कामात मदत करा. त्यांना केवढा आनंद झाला! आयुष्यभर गिरणीत हिशेबनीसाच्या खुर्चीवर बसलेला माणूस, त्यांनी बूट पुसले, टोपी घातली, आईला सांगितलं, "लेकीच्या ऑफिसचं काम आहे." अडुसष्ट वर्षांचे होते. पहिल्या चढावर ते बसले तेव्हा मी घड्याळ बंद केलं. कळ दाबल्याचा आवाज त्यांनी ऐकला. "काय केलंस?" "बंद केलं. बसलेला वेळ धरायचा नसतो, बाबा." "म्हणजे मी बसलो की तुझं काम बंद पडतं?" मी काय म्हणाले? मी नियम समजावून सांगायला हवा होता, की तुम्ही हवं तितकं बसा, घड्याळावर त्याचा काही परिणाम होत नाही. पण तोवर दहा वाजून गेले होते, खाली जीप तीनपर्यंतच थांबणार होती, आणि माझा पाय आपोआप जमिनीवर ताल धरायला लागला होता. मी म्हणाले, "तसंच काहीसं."

तसंच काहीसं. हे दोन शब्द मी तीस वर्षं चघळले आहेत. त्यानंतर बाबा बसायला कचरू लागले. एखाद्या झाडाला हात लावून उभे राहायचे आणि माझ्याकडे पाहायचे, की हे चालतं का? उभं राहिलेलं धरतात का? मी घड्याळ बंद करायचेच, कारण थांबणं म्हणजे थांबणं. मग तेही बंद झालं. शेवटचा अर्धा चढ ते न थांबता चढले, ओठ पांढरे, टोपी हातात, मान खाली. आजूबाजूला सबंध जंगल होतं. पक्षी ओरडत होते, वरून ऊन गाळून येत होतं, आणि तो माणूस माझ्या टाचा बघत चालत होता. कड्यावर पोचल्यावर मी म्हटलं, "बघा बाबा, काय सुंदर दिसतंय!" ते एका दगडावर बसले ते पाऊण तास बसले. खोऱ्याकडे पाठ करून. मी शेजारी उभी. त्यांनी मध्येच विचारलं, "आता बंद आहे ना ते?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "मग मी बसलोच नाही म्हणायचं." मला ते विनोदाने बोलले असंच वाटलं. मी हसलेसुद्धा. माझी एकटीची वेळ चाळीस मिनिटं, त्यांची त्या दिवशीची निव्वळ अठ्ठावन्न. सरासरी एकोणपन्नास. बोर्डावर साहेबांनी पन्नास केले, लक्षात राहायला सोपं म्हणून. खरं म्हणजे त्या दगडावरचा पाऊण तास धरून आम्हाला सव्वादोन तास लागले होते.

बाबा दोन दिवस अंथरुणावर होते. आईने विचारलं, "कुठं नेलं होतंस गं त्यांना?" मी काही बोलायच्या आत ते आतून म्हणाले, "काही नाही, सवय नाही मला." पुढची चार वर्षं ते होते. कुठल्याही बागेत, कुठल्याही तळ्यावर चला म्हटलं की म्हणायचे, "तुम्ही जाऊन या. मला झाडांचं काही विशेष वाटत नाही." माझ्या मुलीला ते खिडकीतून झाडांची नावं विचारायचे, तरीही. ते गेले ते वेगळ्याच आजाराने, दवाखान्यात, सरळ. माझ्यामुळे गेले असं कोणी म्हणणार नाही. पण एका माणसाकडून मी झाडं काढून घेतली आणि वर त्याचा पुरावा म्हणून पन्नास मिनिटांचा बोर्ड लावला, हे तर खरं ना? आज कोणा एकाला तसंच बोट दाखवून त्याचा मुलगा विचारत असेल, बाबा, पन्नास मिनिटं लिहिलंय, तुम्हाला एवढा वेळ कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात गेले. आमची जुनी इमारत रंगवून ओळखू येऊ नये अशी करून ठेवली आहे. साहेबांच्या पेन्सिलींच्या जागी तीन पडदे आणि त्यांच्यामागे एक पस्तिशीतला अधिकारी, अत्यंत गोड. तो उठून उभा राहिला. "मॅडम, तुम्ही! अहो, तुमच्या वेळा म्हणजे सोनं आहे. बोर्ड, नकाशे, मोबाइलवरचं ॲप, सगळं तुमच्या आकड्यांवर चाललंय. एकदाही बदलायची गरज पडली नाही." आणि मला, या परिस्थितीतसुद्धा, छातीत किंचित ऊब वाटली. त्या उबेचा मला जितका संताप आला, तितका त्या किल्लीवाल्या मुलाचाही आला नव्हता. मी म्हटलं, "ते आकडे चुकीचे आहेत." तो हसला. "चुकीचे कसे? मी स्वतः चालून पाहिलंय, शहरातल्या बागेत मला पंधराच मिनिटं लागली." "तू पस्तिशीचा आहेस." "बरोबर." "आणि तू बसला नाहीस." "बसायचं कशाला, मॅडम?" सगळे एकाच शाळेत शिकलेले, मला वाटलं, आणि त्या शाळेतली बाई मी.

मी त्याला सगळं सांगितलं, बाबा सोडून. त्याने खरोखर ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग तो म्हणाला, फेरमोजणी होऊ शकते, त्याची रीतसर पद्धत आहे. दोन चालक, एक साठीच्या पुढचा. "तुम्ही तर दोन्हीकडे बसता की आता," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर खूश झाला. मी म्हटलं, मला 'एकूण वेळ' असा रकाना हवा, बसण्याउठण्यासकट. रकाना वाढवता येत नाही. मग 'निव्वळ' हा शब्द खोडा. फॉर्मवर खोडाखोड चालत नाही. "अरे, मग चालतं तरी काय?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची बाई चहाचा कप हातात धरून उभी राहिली. अधिकारी गोरामोरा झाला. त्याने खुर्ची पुढं सरकवली, पाणी मागवलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एक करा. एका बागेचं मोजून आणा. तुम्हाला हवं तसं मोजा. शेऱ्यात लिहा. खराखुरा आकडा, दुसऱ्या चालकाच्या सहीसह हातात असला, तर मी वर भांडू शकतो. अंदाजाने नको, मॅडम. अंदाज कोणीही उडवून लावेल." बिचारा भांडेल की नाही देव जाणे. पण फॉर्म त्याने दिला.

त्याच संध्याकाळी फाटकाशी ती दोघं आली. मुलगा गाडीला टेकून फोनवर बोलत होता आणि म्हातारी फाटकातून आत शिरत होती, काठी जोरात टेकत, तोंड घट्ट मिटून. मी ओळखलं ते तोंड. न बसता फेरी मारायचा निर्धार केलेल्या माणसाचं तोंड. मी तिला गाठलं. "मावशी, मला तुमची मदत हवी आहे," म्हटलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: हा बोर्ड मी लिहिला, तो चुकीचा आहे, तुम्ही माझ्याबरोबर चाला, हवं तिथं हवं तितकं बसा, तो सगळा वेळ आपण धरायचा, आणि मग हा आकडा बदलून घ्यायचा. मुलगा फोन खाली करून पुढं आला. "कोण तुम्ही? आणि तिला घेऊन मोजणार? अंधार होईल." मी उत्तर देणार, एवढ्यात म्हातारी म्हणाली, "होऊ दे. तू बोल तुझ्या फोनवर." मग माझ्याकडे वळून, "हा बोर्ड तुमचा? तेव्हा कुणाच्या लग्नाची घाई होती का हो?"

मी बोर्डापाशी स्टॉपवॉच सुरू केलं. निवृत्तीच्या दिवशी विभागाने मला तेच भेट दिलं होतं, माझंच जुनं, मखमलीच्या डबीत घालून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही निघालो. माझे पाय सारखे पुढं जात होते आणि मी त्यांना मागे ओढत होते. म्हातारी चालताना बोलत नसे, सगळी शक्ती पायांकडे. पहिल्या बाकावर टेकली आणि बोलायला लागली. "मला खरं सांगायचं तर चालायचा कंटाळाच आहे. मी इथं बसायला येते. एका बाकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये चालावं लागतं, त्याला इलाज नाही." घरात तिला बसायला जागा नाही असं नाही, खुर्ची आहे, खास तिच्यासाठी आणलेली, बटण दाबलं की पाय वर होतात. "पण तिथं मी बसले की सगळ्यांना वाटतं मी आजारी आहे. इथं बसले की नुसती बसलेली असते." समोर मुलं चाकांच्या बुटांवर घसरत होती. त्यातली एक जाडी मुलगी रोज पडते आणि रोज कोणाला तरी दोष देते, ती म्हातारीची लाडकी. ती पडली. म्हातारीने माझ्या मांडीवर चापट मारली, "बघा!" मी पाहिलं. या बाकासमोर एक चौक आहे हेच मला माहीत नव्हतं.

दुसरा बाक उन्हासाठी. तिथं ती डोळे मिटून बसली आणि तिने मला विचारलं, की हे तुम्हाला आताच कसं सुचलं? आणि मी, जिने नवऱ्यालाही ते कधी धड सांगितलं नव्हतं, तिला बाबांचं सांगितलं. टोपी, टाचा, पांढरे ओठ, खोऱ्याकडे पाठ. 'तसंच काहीसं' हेही सांगितलं. तिने डोळे उघडले नाहीत. "मग ते काय म्हणाले?" "काहीच नाही. झाडांचं विशेष वाटत नाही म्हणाले." "हं," म्हणाली. "मीही काल घरी हेच सांगणार होते. उद्यापासून बागेचा कंटाळा आला म्हणून." ती ते इतक्या साधेपणाने बोलली, की मला तिथल्या तिथं उठून फाटकाशी जावं आणि त्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर धरावी असं वाटलं. पण धरायची कोणाची? आम्ही उठलो. तिसरा बाक चढानंतर आहे. चढ म्हणजे काय, मला तो कधी चढ वाटलाच नव्हता. तिथं ती बराच वेळ बसली. धाप लागली होती, ती ओसरली, मग तिने पदराने चष्मा पुसला, मग म्हणाली, "किती झाले हो? पन्नास मिनिटं झाली असतील नाही? लिहा, पन्नास मिनिटं आणि अजून अर्धी फेरी बाकी."

मी छातीवरचं घड्याळ उचलून पाहिलं. एकोणीस मिनिटं, चार सेकंद. काटा थांबलेला होता. मला आधी कळेचना. मग ध्यानात आलं. मी ते बंद केलं होतं. केव्हा? पहिल्या बाकावर? तिथं केलं असेल, आणि उठताना चालू. दुसऱ्यावर तसंच. आता तसंच. माझ्या अंगठ्याने, मला न विचारता, अकरा वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं काम चोख केलं होतं. मी बाबांचं सांगत होते, आणि त्याच क्षणी अंगठा खाली या बाईचं बसणं पुसून टाकत होता. मला तो अंगठा बाकाच्या कडेवर आपटावासा वाटला. क्षणभर असंही मनात आलं, की तिला काय कळतंय? पन्नास म्हणतेय, पन्नास लिहावं. मनगटावरचं घड्याळ आहे, जुळवून टाकता येईल. अंदाजाने. बोर्डावरचा आकडा जसा साहेबांनी लक्षात राहायला सोपा केला, तसा.

"मावशी, चुकलं," मी म्हटलं. "हे धरता येणार नाही. परत पहिल्यापासून चालावं लागेल."

"म्हणजे?" तिने चष्मा घातला. "मी एवढी बसले, ती पोरगी पडली, ते ऊन, तुमचे वडील, हे सगळं कुठं गेलं?"

"मी थांबवलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला थांबवायला?"

"कुणी नाही. मीच. वडिलांचंही मीच थांबवलं होतं."

ती माझ्यावर चिडली. खरोखर चिडली, नाकपुड्या फुलल्या, काठी फरशीवर आपटली. तीस वर्षांत कोणी या गोष्टीवरून माझ्यावर चिडलं नव्हतं. बाबांनी सांभाळून घेतलं, आई गप्प बसली, नवरा राहू दे म्हणाला, अधिकाऱ्याने सोनं म्हटलं. "शरम नाही वाटत?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला बसवायचं आणि बसलाच नाही म्हणायचं!" ती बोलायची थांबू नये असं मला वाटत होतं. पण ती थांबली, दम लागला म्हणून, आणि तिने हात पुढं केला.

"द्या ते इकडं."

मी दोरी गळ्यातून काढली. अकरा वर्षांत एकाही वाटेवर मी ते घड्याळ कोणाच्या हातात दिलं नव्हतं. तिने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग काठी धरलेल्याच मुठीत घट्ट पकडलं.

"सुरू कसं करायचं?"

मी ते शून्यावर आणलं आणि तिला कळ दाखवली. फाटकापासून निघायचं म्हणून आम्ही दोघी उलट्या दिशेने चढ उतरू लागलो. चार पावलांवर ती पुन्हा थांबली, काठीवर भार देऊन. मी तिला थांबवायची कळ कुठली ते सांगायला तोंड उघडलं.

"ते सांगू नका," ती म्हणाली. "ते मला काही लागायचं नाही."